सहीच्या आधी मला वाचून दाखव

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या हृदयात नवी झडप बसवली. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून. त्यानंतर चौथ्या दिवशी पेसमेकरही लावावा लागला. आज मी दिंडोशीच्या आमच्या कॉलनीचा चढ भाजीची पिशवी घेऊन चढते आणि वर पोहोचल्यावर सुनेशी वाद घालण्याइतका श्वास माझ्याकडे शिल्लक असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणाची हकीकत वाचताना माणूस एकच गोष्ट शोधत असतो: ही बाई शेवटी वाचली का गेली? वाचले. आता निवांत बसून ऐका.

लिहायचं कारण एवढंच की हल्ली मला फोन फार येतात. 'परबबाई, तुमचं ते टावी का काय ते, कसं असतं हो? दुखतं का?' दुखण्याचं सांगायला दोन मिनिटं लागतात. बाकीचं सांगायला जास्त वेळ लागतो, आणि ते कोणी विचारत नाही.

मेथीच्या जुड्या

दम लागायला लागून सात-आठ महिने झाले होते. मी वयाला दोष दिला, वजनाला दिला, जुन्या दम्याला तर दिलाच. आमच्या इमारतीपासून बाजारापर्यंत उतार आहे, म्हणजे येताना चढ. त्या चढावर मी तीन थांबे ठरवले होते: पिठाची गिरणी, लाँड्री आणि मंडळाची शेड. तिथे थांबून मी लोकांशी गप्पा मारायचे. लोकांना वाटायचं, कोर्टातून निवृत्त झाल्यापासून परबबाई फार मनमिळाऊ झाल्यात.

एका सकाळी भाजी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सरळ मेथीच्या जुड्यांवर बसले. भाजीवाला म्हणाला, "मावशी, बसायचं होतं तर बोलायचं ना, स्टूल दिला असता." मग माझा चेहरा बघून तोच घाबरला आणि त्याने आमच्या घरी निरोप धाडला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मी तीस वर्षं दम्याची औषधं घेतेय. त्या दिवशी त्यांनी छातीवर स्टेथोस्कोप लावला तो काढेचनात. म्हणाले, "आत वेगळा आवाज आहे. आजच इको करा, हृदयाची सोनोग्राफी."

इको काढणारी मुलगी सुरुवातीला छान बोलत होती. माझ्या बांगड्या आवडल्या म्हणाली. मग ती हळूहळू बोलायची थांबली आणि एकाच जागी यंत्र फिरवत राहिली. कोर्टात मी चौतीस वर्षं स्टेनो होते. बोलकं माणूस एकदम गप्प झालं की काहीतरी निघालं, एवढं मला कळतं.

अंधेरीच्या हृदयाच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. हृदयातून रक्त अंगात जातं त्या वाटेवर एक झडप असते. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी क्षार चढतात, तसे माझ्या झडपेवर चढले होते. दार उघडतच नव्हतं, नुसत्या फटीतून रक्त जात होतं. "औषधाने हे दार उघडत नाही," ते म्हणाले. "असंच ठेवलं तर दम वाढेल, चक्करा वाढतील, आणि मग..."

एवढं बोलून ते थांबले. माझ्या शेजारी माझा मुलगा नितीन बसला होता. त्याने डॉक्टरांकडे बघून मान थोडीशी हलवली होती. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. कोर्टात साक्षीदाराने अशी मान हलवली असती तर मी लगेच जज्जसाहेबांच्या नजरेला आणून दिली असती.

कॅन्टीनचा चहा

दोन मार्ग होते. एक छाती उघडून ऑपरेशन. दुसरा नळीतून, म्हणजे टावी. छाती उघडणाऱ्या सर्जनांनीही मला तपासलं आणि माझ्या फुप्फुसांचे रिपोर्ट बघून म्हणाले, यांना नळीचाच मार्ग बरा. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा माणूस दिसला की माझा विश्वास बसतो.

मग डॉक्टरांनी झडप दाखवली, नमुन्याची. धातूच्या बारीक जाळीच्या आत तीन पातळ पडदे. मिटलेल्या छत्रीसारखी ती नळीतून वर जाते आणि जागेवर पोहोचली की उघडते. जुनी झडप काढत नाहीत, तीच कडेला दाबली जाते. मला हे फार पटलं. आमच्या ऑफिसात नव्या साहेबांनी जुन्या कपाटांचं हेच केलं होतं.

मी आणखी विचारणार, तेवढ्यात नितीन म्हणाला, "पल्लवी, आईला खाली चहा पाजून आण ना. सकाळपासून काही घेतलं नाहीये तिने." पल्लवी माझी सून, गोरेगावच्या शाळेत शिकवते. तिने मला खाली नेलं, चहा घेतला, वर बिस्किटंही घेतली, आणि पूर्ण वेळ तिच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाबद्दल बोलत राहिली. मला वाटलं, काय गुणी पोरं आहेत. इतकी वर्षं कोर्टात काढून इतकी भोळी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढचे पंधरा दिवस तपासण्यांत गेले. सीटी स्कॅन, अँजिओग्राफी, आणि दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. दातात कीड असेल तर तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात म्हणे, म्हणून आधी दात दाखवायचे. माझी एक दाढ त्यात गेली. नातेवाइकांना मी सांगायचे, "हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून दाढ काढली." ते काळजीने माझ्याकडे बघायचे, मेंदूवर परिणाम झालाय की काय म्हणून.

फुली

टावीच्या आदल्या दिवशी सकाळी मला दाखल केलं. दुपारी जेवण झाल्यावर नितीन एक फाइल घेऊन आला. शेवटचं पान उघडून त्याने माझ्यापुढे धरलं. "आई, इथे सही कर. फॉर्मॅलिटी आहे."

सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केलेली होती.

ही फुली मी ओळखते. वकिलांचे कारकून साक्षीदारांसाठी अशीच फुली करून ठेवतात, म्हणजे माणसाची नजर मजकुराकडे न जाता थेट फुलीवर जाते. कोर्टात साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, स्टेनो टाइप करते. मग तो जबाब साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, खाली 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं लिहायचं आणि मग त्याची सही. हा नियम. पण संध्याकाळचे साडेपाच वाजत आलेले असायचे, सगळ्यांना घरी जायची घाई. मी तीन पानं एका दमात वाचून टाकायचे, समोरचा माणूस मान डोलवायचा आणि फुलीवर सही करायचा. त्यातल्या कितीजणांना खरंच कळलं असेल, देव जाणे. मी कधी थांबून विचारलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. "पहिल्या पानापासून वाचून दाखव."

"अगं, सगळ्यांना हेच देतात. काही नाहीये त्यात."

"काही नाहीये तर पाच मिनिटांत होईल."

सलाइन बघायला आलेली सिस्टर घाटकोपरची होती, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "काकी बरोबर बोलतायत. मराठीतला फॉर्म पण आहे आपल्याकडे. आणू का?" नितीनने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी निघून गेली असती. ही फॉर्म घेऊन आली.

चारनंतर सहा

नितीन इंग्रजी शाळेत शिकला. मराठी वाचताना त्याची गाडी खड्ड्यांतून जाते. त्यात फॉर्मची भाषा अशी की आमच्या कोर्टालाही लाज वाटावी. त्याच्यासोबत आलेली पल्लवी मधेमधे शब्द पुरवत होती.

पहिल्याच पानावर तो अडला. झडपेचे पडदे गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेले असतात, असं तिथे होतं. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी सोमवार करते, म्हणून हेही लपवलेलं होतं. मी म्हटलं, "जन्मभर गाईचं दूध प्यायले, त्याचे उपकार आहेतच. त्यात आणखी एक. पुढे वाच."

पुढच्या पानावर धोके होते, आकडे घालून. एक, जांघेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन रक्तस्राव. दोन, तपासणीच्या औषधाचा किडनीवर ताण. तीन, झडप नीट टेकली नाही तर तिच्या कडेने गळती. चार, हृदयाचे ठोके मंदावले तर कायमचा पेसमेकर. नितीनने पान उलटलं. सहा, काही बिघडल्यास तातडीने छाती उघडावी लागणे.

चौतीस वर्षं मी अशा उड्या पकडत आले. "चारनंतर सहा कसा आला रे?"

"अं?"

"पाच वाच."

"आई, सोड ना यार."

"पाच."

त्याने पान परत उलटलं. "पक्षाघात," तो म्हणाला. झडप बसवताना जुन्या झडपेचे कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतात. त्याने अर्धांग जाऊ शकतं, बोलणं जाऊ शकतं.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. माझे यजमान मालवणचे. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका गोदामात. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: 'गो'. मालवणीत बाईमाणसाला हाक मारतात तसा. पाणी हवं असलं तरी 'गो', राग आला तरी 'गो', माझे हात धरून रडायचे तेव्हाही 'गो'. सहा वर्षं मी ते एक अक्षर वाचत आले. ते गेले तेव्हा मी देवाला एकच मागितलं होतं, मला काहीही दे, हे देऊ नकोस.

पाच नंबर ऐकल्यावर मी नितीनला म्हटलं, "मला घरी ने."

खरं सांगते, मी नाही म्हणणार होते. दम लागून मरेन, चालेल. आणि रागही आला होता. "डॉक्टरांनी तुला सांगितलं, आणि तू मला चहाला पाठवलंस? जीव माझा, सही माझी, आणि वाचायचं फक्त तू?"

नितीन उठून उभा राहिला. मोठ्याने बोलणारा मुलगा नाही तो. हळूच म्हणाला, "तू बाबांना सांगितलं होतंस?"

"काय?"

"ते परत बोलणार नाहीत, हे. डॉक्टरांनी तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मी होतो ना तिथे. तू सहा वर्षं त्यांना सांगत राहिलीस. गणपतीपर्यंत बोलायला लागाल, दिवाळीपर्यंत बोलायला लागाल. मी तुझ्याकडूनच शिकलो, आई."

पल्लवी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आमचे हे रोज सकाळी आरशासमोर बसून ओठांचे व्यायाम करायचे, माझ्या सांगण्यावरून. चौथ्या वर्षी एकदा त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने तो आरसा उपडा ठेवला. त्यांना कळलं होतं. ते मला सांगत होते की त्यांना कळलंय. मी काय केलं? आरसा परत सरळ केला आणि म्हणाले, "असा धीर सोडू नये." मला वाटायचं, मी त्यांना आशा देतेय. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पलंगावर बसून मला पहिल्यांदा कळलं की मला त्यांच्या डोळ्यांत बघायचा धीर नव्हता. आशा माझ्यासाठी होती, आणि ती पुरवायचं काम मी त्यांच्यावर टाकलं होतं. मी फार वाईट रडले. दम लागला तेव्हा सिस्टरने येऊन ऑक्सिजन लावला आणि नितीनला ओरडली.

डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले

रडून झाल्यावर मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा. मला विचारायचंय."

डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. मी विचारलं, पाच नंबर किती जणांना होतो? त्यांनी आकडा सांगितला. आणि काहीच न करता घरी गेले तर? तोही सांगितला, नितीनकडे न बघता, माझ्याकडे बघून. ते आकडे मी इथे लिहीत नाही, कारण ते माझे होते, माझ्या वयाचे, माझ्या फुप्फुसांचे. तुमचे वेगळे असतील आणि ते तुम्ही विचारायला हवेत. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: धोका आहे का, असं विचारू नका. 'आहे, पण कमी' असं उत्तर येतं आणि आपण घरी जातो. कोणते धोके, माझ्या बाबतीत कोणता जास्त, तो आला तर तुम्ही काय करणार आणि मला काय करावं लागेल, असं विचारा.

दोन्ही आकडे समोर ठेवल्यावर निकाल लावणं कठीण नव्हतं. कठीण होतं ते भीतीसकट लावणं. डॉक्टर गेल्यावर मी नितीनला जवळ बसवलं.

"मी सही करते. पण एक अट आहे. पाच नंबर झाला आणि मला बोलता आलं नाही, तरी मला सगळं कळतंय असं धरून चालायचं. परत बोलणार नसेन तर तसं सांगायचं, तोंडावर. मला खोटी दिवाळी दाखवायची नाही."

"सांगेन."

"आणि आरसा आणायचा नाही."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याला उरलेलं वाचायला लावलं. सातवा धोका मृत्यू होता. तो त्याने न अडखळता वाचला.

पेन्सिलीची फुली मी आधी खोडली. मग सही केली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे.' आयुष्यात ते वाक्य मी हजारो वेळा टाइप केलं असेल. खरं असताना पहिल्यांदाच लिहिलं.

राहणार दिंडोशी

टावीच्या खोलीत थंडी फार. तेवढी एक तक्रार मी तेव्हाही केली. पूर्ण भूल देत नाहीत, गुंगी देतात, जांघ बधिर करतात. मला आवाज ऐकू येत होते, कुणीतरी आकडे सांगत होतं. एकदा डॉक्टर कानाशी म्हणाले, "आता थोडा वेळ छातीत जोरात धडधडेल. आम्हीच करतोय, झडप उघडताना करावं लागतं." मग हृदय असं पळालं की आपलं नव्हेच ते. जीव बुडाल्यासारखा झाला. पाच-दहा सेकंदांचा खेळ असेल. मग शांत.

"उजवा हात उचला." उचलला. "डावा." उचलला. "नाव सांगा बघू."

तोंड उघडण्याआधीचा तो एक क्षण मी विसरणार नाही. वाटलं, आता माझ्या तोंडून 'गो' निघणार.

"मालती वसंत परब, वय चौऱ्याहत्तर, राहणार दिंडोशी, धंदा काही नाही," मी म्हणाले. डॉक्टर हसायला लागले. बाहेर नितीनला त्यांनी माझा हा जबाब जसाच्या तसा सांगितला, आणि पल्लवी म्हणते, तो तिथेच जमिनीवर बसला.

नंबर चार

तिसऱ्या दिवशी दुपारी मी उकडलेला बटाटा खात होते. एकदम डोकं हलकं झालं, यंत्र ओरडायला लागलं आणि खोली माणसांनी भरली. हृदयाचे ठोके निम्म्यावर आले होते. नवी झडप जिथे बसते तिथूनच ठोक्यांचा निरोप नेणारी तार जाते, तिच्यावर दाब पडला होता. सोय म्हणून आधीच एक तात्पुरती तार आत ठेवलेली होती. तिच्यावर ठोके चालू झाले.

व्हरांड्यात आमचे नातेवाईक जमले होते. माझी नणंद म्हणत होती, "तरी मी म्हटलंय, ह्या नळीबिळीचा काय खरा नाय." पल्लवी तिला समजावून दमली होती. नितीन आत आला. चेहरा पांढरा, पण सरळ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, चार नंबर झालाय."

"कायमचा?"

"कायमचा. उद्या सकाळी लावतील."

"बरं. लावू दे."

एवढंच झालं आमचं बोलणं. तो गेल्यावर मी उरलेला बटाटा संपवला. मी शूर आहे असं नाही. हे संकट माझ्याकडे आधी एकदा येऊन, नाव सांगून गेलं होतं, म्हणून दारात आल्यावर मी किंचाळले नाही.

शेजारच्या पलंगावर मुलुंडच्या एक आजी होत्या. त्यांनाही हीच झडप बसवली होती. त्यांच्या जांघेपासून गुडघ्यापर्यंत काळंनिळं झालं होतं. नळी घालतात तिथे रक्त साकळून असं होतं, कमी-जास्त माझंही झालं होतं. आजी दोन दिवस जेवत नव्हत्या. मी खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "पाय कापणारेत ना माझा? पोरं बोलत नाहीत, पण मला कळतं." पोरं बिचारी रोज शहाळं आणत होती आणि 'काही नाही झालेलं' म्हणत होती. मी माझी जांघ दाखवली. सिस्टरला बोलावलं. सिस्टरने दोन वाक्यांत समजावल्यावर आजींनी त्या शहाळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मलई पण काढा."

वेणी

पेसमेकरनंतर डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. म्हणजे वेणी घालता येत नाही. ते काम पल्लवीकडे आलं. मी तिच्यावर रागावलेली होते, त्या चहामुळे. चार दिवस तिने मुकाट्याने वेणी घातली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आई, मला सांगायचं होतं तुम्हाला. पण नितीन नको म्हणाला. मी कोणाची बाजू घ्यायची होती?"

"माझी."

"पुढच्या वेळी घेईन," ती म्हणाली आणि वेणी अशी करकचून ओढली की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर आमचं पुन्हा जमलं. अजूनही वेणी तीच घालते. मी हात वर जात नाही असं सांगते, तिला खोटं आहे हे माहीत आहे.

शरीर लवकर सुधारलं, भीती उशिरा. हाताला मुंग्या आल्या की मला वाटायचं, आला पाच नंबर. महिनाभर मी सकाळी उठल्याबरोबर छताकडे बघून एक लांब वाक्य बोलून बघायचे, जीभ शाबूत आहे ना म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मग एकदा पल्लवीने ऐकलं आणि विचारलं, तेव्हा सांगितलं. सांगितल्यानंतर आठवडाभरात ते आपोआप सुटलं. रक्त पातळ राहायची गोळी सुटणार नाही, आणि दातांच्या डॉक्टरांना झडपेचं आधी सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बाकी पथ्य म्हणावं असं काही नाही. चढावरचे तीन थांबे गेले. लाँड्रीवाला विचारतो, "काय परबबाई, राग आला का आमचा?"

कडेची रेघ

सहा महिन्यांनी इको झाला. डॉक्टरांनी यंत्राचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. झडपेच्या कडेला एक बारीक रंगीत रेघ लुकलुकत होती.

"थोडी गळती आहे, कडेने," ते मला म्हणाले. "आज काही करायची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मधेच दम लागला, पाय सुजले, तर लगेच यायचं."

"वाढेल का?"

"बऱ्याच जणांची वाढत नाही. तुमचं आत्ता सांगता येणार नाही."

मला ते उत्तर आवडलं. नितीन शेजारी बसून सगळं ऐकत होता. मधे बोलला नाही.

अंधेरीहून आम्ही रिक्षा केली. हायवेवर गाड्या तुंबलेल्या. त्याने फोन खिशातून काढला आणि न बघताच परत ठेवला. मी विचारलं, "घाबरलास?"

तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "हो गं. खूप."

"मी पण," मी म्हणाले.

त्याने माझा हात हातात घेतला. ह्यांच्या आजारपणात आम्ही तिघं सहा वर्षं एकाच घरात वेगवेगळे घाबरत राहिलो होतो. त्या दिवशी रिक्षात आम्ही दोघं एकत्र घाबरलो.